उरलेल्या कामांचं काय करायचं? व्यवसायासाठी एक साधी वही

नव्या वहीची पहिली दहा-बारा पानं सगळ्यांचीच सुंदर असतात. तारीख ठळक, अक्षर वळणदार, झालेल्या कामापुढे हिरव्या पेनाने बरोबरची खूण. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अशा चार वह्या पडल्या आहेत, चारही अर्धवट. छपाईचा व्यवसाय सुरू केला त्या पहिल्या वर्षांतल्या. एकदा खण आवरताना मी चारही वह्यांचं शेवटचं लिहिलेलं पान उघडून पाहिलं. सगळीकडे एकच चित्र: वर आदल्या दिवशीची उरलेली नऊ-दहा कामं, खाली त्या दिवसाची दोन. त्यापुढे कोरी पानं.

तेव्हापासून कुणी ‘कामांची यादी करा, आपोआप सातत्य येईल’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. यादी काय, कुणालाही करता येते. दिवस संपल्यावर त्यातलं जे उरतं त्याचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही, आणि यादी मरते ती नेमकी तिथेच. म्हणून बाकीच्या पायऱ्या मी इथे पटापट उरकणार आहे.

जागा एकच

वही घ्या, फोनमधलं साधं अ‍ॅप घ्या, एक्सेलची शीट घ्या, नाहीतर ट्रेलो या कामं मांडायच्या अ‍ॅपचा बोर्ड. साधन कुठलं यावर महिनाभर व्हिडिओ बघत बसू नका. अर्धी कामं वहीत, चार स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये, दोन कुठल्याशा बिलाच्या पाठीमागे आणि बाकीची डोक्यात, हा खरा घोळ आहे. बाहेर असताना सुचलेलं फोनवर टिपायला हरकत नाही, पण संध्याकाळी ते एका जागी उतरलं पाहिजे. मी वही वापरते. का, ते पुढे येईल.

साठा आणि रोजचं पान

एकदा तासभर बसा आणि डोक्यात घोळणारं सगळं वहीच्या मागच्या पानांवर उतरवून टाका. क्रम नको, रंग नको. हा तुमचा साठा. नवीन काम आलं की आधी इथे.

लिहिताना ओळ क्रियापदाने संपवा. ‘वेबसाइट’ हे काम नव्हे, तो विषय झाला. ‘वेबसाइटसाठी जुन्या कामांचे सहा फोटो निवडणे’ हे काम. ‘वसुली’ असं लिहिलंत तर त्या शब्दाकडे बघूनच चहाची तलफ येईल. ‘दोन थकलेल्या बिलांसाठी फोन करणे’ लिहिलंत तर हात फोनकडे जाईल.

रोज काम बंद करण्याआधी साठ्यातून उद्याच्या पानावर पाच ओळी उतरवा. पाचच. त्यात निदान एक पैसे आणणारी आणि एक कुणाला तरी दिलेल्या शब्दाची असावी. ‘पाच फारच कमी झाली’ असं प्रत्येक जण म्हणतो, मीही म्हणायचे. आपला अंदाज किती भोळा असतो याचा एक झकास नमुना १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. आणि जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५हून जास्त. म्हणजे सगळं वाईट गृहीत धरूनही अंदाज तोकडाच पडला. आणि त्यांना मध्येच मशीन बंद पडल्याचे आणि ‘आजच पाहिजे’वाल्या ग्राहकांचे फोन येत नव्हते. पाच झाली आणि वेळ उरला, तर साठ्यातून सहावं काम उचला. कुणी अडवलेलं नाही.

दर आठवड्याला किंवा महिन्याला येणारी कामं (बिलं काढणं, येणं तपासणं, बॅकअप, कराच्या तारखा) वेगळ्या पानावर, दिवसासकट. ती साठ्यात मिसळू नका.

इथपर्यंत सोपं होतं.

उरलेली कामं

संध्याकाळ झाली. पाचांपैकी तीन झाली, दोन उरली. इथे सगळीकडे एकच सल्ला मिळतो: ‘उद्यावर टाका.’ अ‍ॅप तर तुम्हाला विचारतही नाहीत, बरीचशी उरलेली कामं आपणहून पुढच्या दिवसात सरकवतात किंवा ‘मुदत टळली’ म्हणून वर लाल आकडा लावून ठेवतात. आठवड्याने तो आकडा सत्तावीस होतो आणि मग तुम्ही ते अ‍ॅप उघडणंच बंद करता.

मी वहीत बाण काढायचे. उरलेल्या कामापुढे उजवीकडे एक छोटा बाण, की ते गेलं पुढच्या पानावर. असाच बाण काढत मी एक मोठं काम घालवलं. एका जुन्या ग्राहकाने वर्षभराच्या लेबलांसाठी कोटेशन मागितलं होतं. ‘लेबलचं कोटेशन पाठवणे’ ही ओळ पानावर होती. वरती ‘शाईचा साठा मोजणे’, खाली ‘जुन्या फाइली आवरणे’, मध्ये ती. तेच अक्षर, तीच शाई, तोच आकार. रोज संध्याकाळी बाण, रोज सकाळी नवी ओळ. तीन-चार दिवसांनी नजरेला त्या ओळीवरून घसरून पुढे जायची सवयच लागली. बाराव्या दिवशी कोटेशन गेलं. काम दुसरीकडे दिल्याचं त्यांनी अगदी नम्रपणे कळवलं.

मला लागलं ते वेगळंच. मी विसरले असते तर एक वेळ ठीक होतं. पण मी विसरले नव्हते. अकरा दिवस ती ओळ मी माझ्या हाताने लिहिली होती.

त्यानंतर बसवलेला नियम असा. उरलेलं काम पुढच्या पानावर न्यायचं तर ते हाताने पूर्ण लिहायचं आणि शेजारी एक उभी रेघ ओढायची. मी तिला दांडीच म्हणते, कारण त्या दिवशी मी त्या कामाला दांडी मारलेली असते. दुसऱ्यांदा उरलं, दोन दांड्या. तिसरी दांडी पडली की ते काम त्याच शब्दांत चौथ्या पानावर जाऊ शकत नाही. बसल्या जागी त्याचा निकाल लावायचा. निकाल चारच: तोडा, सोपवा, तारीख द्या किंवा खोडा. पाचवा नाही. ‘उद्या नक्की’ हा निकाल नव्हे.

आधी तोडून बघा, कारण बहुतेक अडकलेली कामं आळसामुळे अडकत नाहीत. त्यांचं पहिलं पाऊल कुठलं हेच आपण ठरवलेलं नसतं. माझ्या कोटेशनचं हेच झालं होतं. ते का होत नव्हतं? कारण त्या जाडीच्या कागदाचा चालू दर मला ठाऊक नव्हता. खरं काम होतं ‘कागदवाल्याला फोन करून दर विचारणे’. तीन मिनिटं! ते मी कुठेच लिहिलं नव्हतं, आणि जे लिहिलं होतं ते त्या फोनशिवाय होणारच नव्हतं. म्हणून तीन दांड्यांच्या कामाला आता मी एकच प्रश्न विचारते: हे आत्ता, या खुर्चीत बसून करायला घेतलं तर हात सगळ्यात आधी कशाला लागेल? जे उत्तर येईल ती नवी ओळ. मूळ काम साठ्यात परत.

सोपवायचं तर नाव आणि विचारायचा दिवस, दोन्ही लिहा. ‘प्रूफ तपासायला दिलं’ एवढंच लिहिलंत तर ते काम आता दोघांच्याही डोक्यातून गेलं म्हणून समजा.

तारीख देणं म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ नव्हे. दिवस, वेळ आणि काय करणार ते. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं राहिलेलं काम मनात मध्ये मध्ये लुडबुड करतं, पण ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत आखला की काम झालेलं नसतानाही ही लुडबुड कमी होते. माझा अनुभवही तोच. नुसतं लिहिल्याने डोकं शांत होत नाही, ठरवल्याने होतं. मात्र एका कामाला तारीख एकदाच. दुसऱ्यांदा तारीख द्यावीशी वाटली, तर त्याचा अर्थ ते काम तुम्हाला करायचंच नाहीये.

म्हणजे खोडा. हा निकाल सगळ्यांना जड जातो. खोडणं म्हणजे हरणं वाटतं, त्यापेक्षा वर्षभर ओझं वाहिलेलं बरं वाटतं. ‘ग्राहकांसाठी दरमहा पत्रक काढणे’ ही ओळ मी सात महिने वाहिली. शेवटी एका संध्याकाळी पट्टी ठेवून तिच्यावर आडवी रेघ मारली. पत्रक कधी येणार, असं आजवर एकाही ग्राहकाने विचारलेलं नाही. खोडण्याला अट एकच: त्या कामात दुसऱ्या कुणाला शब्द दिला असेल, तर आधी त्याला ‘हे जमणार नाही’ असं कळवायचं, मग रेघ. न कळवता खोडलेलं काम वहीतून जातं, पण बाजारातल्या तुमच्या नावावर राहतं.

आता एक चोरवाट सांगून ठेवते, कारण ती तुम्हालाही सापडेलच. तिसरी दांडी पडायच्या आदल्या दिवशी मी ओळीचे शब्द बदलायचे. ‘मशीनच्या देखभालीचं बघणे’चं ‘मशीनच्या देखभालीबद्दल बोलणे’ करायचं, आणि नवं काम म्हणून दांड्या पुन्हा शून्य! महिनाभर हा खेळ चालला. मशीनला काही तो कळला नाही, ते ठरल्या वेळी बंद पडलं. शब्द बदलले तरी दांड्या सोबत न्यायच्या.

आणखी एक. हा निकाल सकाळी लावू नका. सकाळी उत्साहाच्या भरात आपण सगळंच ठेवून घेतो. संध्याकाळी थकलेलं डोकं जास्त खरं बोलतं.

मी अ‍ॅपऐवजी वही का वापरते ते आता लक्षात आलं असेल. पुन्हा लिहिताना हाताला जो कंटाळा येतो, तोच इथे कामाला येतो. अ‍ॅपच वापरायचं असेल तर त्यातलं आपोआप पुढे सरकवणं बंद करा आणि दांड्या कामाच्या नावापुढे स्वतः टाइप करा.

आठवड्यातून अर्धा तास

आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, बाहेर पडण्याआधी. सुट्टीच्या दिवशी ‘निवांत बघू’ म्हणालात तर बघणार नाही. साठा वरून खाली वाचा, झालेलं खोडा, येणं आणि दिलेले शब्द तेवढे पुन्हा तपासा. दोन-तीन महिने हात न लागलेल्या ओळींना वरचेच चार निकाल.

हाताखाली माणसं असतील तर

तुमची वही तुमच्यापुरतीच. सगळ्यांसाठी भिंतीवर एक फळा लावा, त्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी आणलेल्या कानबान कार्डांवरून ही कल्पना पुढे कार्यालयांत आली. तिथला मुद्दा असा होता की पुढच्या टप्प्याकडून कार्ड आल्याशिवाय मागच्याने नवा माल बनवायचा नाही. लोक फळा लावतात आणि हा मुद्दाच विसरतात. ‘चालू’ रकान्यात माणशी दोनच चिठ्ठ्या असू द्या. तिसरी लावायची तर आधी एक ‘झालं’मध्ये गेली पाहिजे. एवढं पाळलं नाही तर तो फळा म्हणजे भिंतीची सजावट.

खंड पडला तर

पडणारच. ‘२१ दिवस केलं की सवय लागते’ हे वाक्य आधी डोक्यातून काढा. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस निघाला, मधला आकडा ६६. आणि एखाद्या दिवशी चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

बिघडतं ते खंडानंतर परत येताना. लोक मागची सगळी पानं चाळून राहिलेलं सगळं एकदम नव्या पानावर उतरवतात. बावीस ओळी. दुसऱ्या दिवशी वही खणात. खंड पडला की मागची पानं उलटायची नाहीत. कोरं पान, आजची तारीख, साठ्यातून पाच ओळी. दांड्या शून्यापासून, वर्षात ही सूट दोनदा घेतली तरी चालेल.

सध्याच्या वहीत गेल्या पावसाळ्यात अकरा दिवसांचा खंड आहे, घरात आजारपण होतं. खंडानंतरच्या पानावरची पहिली ओळ: ‘दोन ग्राहकांना फोन करून उशीर झाल्याचं सांगणे.’ पुढे हिरवी खूण आहे. उरलेल्या चारांतली दोन त्या दिवशी झाली नाहीत, त्यांच्यापुढे एकेक दांडी.