रंगवलेली फिगर चिकट का राहते? या चुका टाळा

सहा इंची अ‍ॅक्शन फिगरला (सांधे हलणाऱ्या प्लास्टिकच्या बाहुलीला) नवा रंग देऊन पंधरा दिवस झाले, तरी बोट टेकवलं की ठसा उठतो आणि शेल्फवरची सगळी धूळ तिलाच येऊन चिकटते. अशा वेळी ती गच्चीत उन्हाला ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. रंग ओला राहिलेला नसतो. फिगरचं मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. ते लवचिक राहावं म्हणून त्यात तेलासारखा प्लास्टिसायझर घातलेला असतो. तो हळूहळू वर येतो, इनॅमलच्या (तेलरंगाच्या) थरात मुरतो आणि थर कडक होऊच देत नाही. उन्हाने तो आणखी वर येतो. हार्डवेअरच्या दुकानातले स्प्रे कॅनही मऊ पीव्हीसीवर बहुतेकदा असाच दगा देतात.

म्हणून रंगाआधी प्लास्टिक ओळखा. डोकं, पंजे, केप नखाने किंचित दबतात, वाकवले तर परत जागेवर येतात, ते पीव्हीसी. छाती-मांड्यांवर टिचकी मारल्यावर टणक आवाज आला तर बहुधा एबीएस, म्हणजे कडक प्लास्टिक. मऊ भागांना पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिकच लावा, तेही ब्रशने. शंका असेल तर तळपायाला ठिपकाभर रंग लावून 3 दिवस थांबा. चिकट थर मात्र काढावाच लागतो: कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, थोडं थोडं, आधी न दिसणाऱ्या जागी. नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यातलं अ‍ॅसिटोन एबीएस विरघळवतं, रंगाबरोबर नक्षीही जाते.

रंग पापुद्र्यासारखा सुटत असेल तर धुण्यात कसूर झाली आहे. साच्यातून काढताना लागलेला तेलकट थर डोळ्यांना दिसत नाही. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, जुना टूथब्रश, मग रात्रभर वाळवण.

सर्वांत जास्त फिगर बाद होतात त्या सांध्यांपायी. गुडघ्याच्या खुंटीवर दोन हात, खोबणीत दोन हात, म्हणजे जिथे केसभरही जागा नव्हती तिथे चार थर कोंबले. पहिल्यांदा पाय वाकवला की रंग खरवडला जातो, नाहीतर सांधा जाम होतो, आणि जोर केला की खुंटी मोडून आतच राहते. रंगवण्याआधी सांधा हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करा आणि न पिळता सरळ ओढून सोडवा. खुंटी 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने जराशी घासा. खोबणीत रंग लावूच नका. रंग दुधाइतका पातळ हवा, पण निम्म्याहून जास्त पाणी घातलं तर तो पकड सोडून थेंबाथेंबांनी गोळा होतो. त्याहून पातळ करायचा तर पाण्याऐवजी अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंग पातळ करायचं द्रव्य) वापरा. शेवटच्या हातानंतर निदान 24 तास सांधा हलवू नका. जाम झालाच तर आधी ऊब, मग हात.

फेविक्विकने पारदर्शक व्हायझर (हेल्मेटची काच) चिकटवला की भोवती पांढुरकी झाक येते. ती त्याच्या वाफेची. व्हायझरला पांढरा गोंदच बरा.

आता वार्निश. एबीएसवर मॅट (बिनचमकेचा) स्प्रे मारला आणि काळा रंग राखाडी दिसू लागला, ही बडोद्यातली श्रावणातली नेहमीची तक्रार. हवेतली वाफ ओल्या थरात अडकते. दांडिया बाजारातल्या जुन्या, ओल धरणाऱ्या घरांत तर विचारूच नका. पावसाळ्यात सकाळची हवा सर्वांत दमट, तेव्हा उघडीप असलेली दुपार गाठा. मे महिन्यात उलट: दुपारी 40 अंशांच्या पुढे फवारा फिगरवर पोचण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग रवाळ होतो, म्हणून सकाळी 8 च्या आत उरका. कॅन 20 ते 25 सेंटिमीटरवर धरा. पांढुरकेपणा आलाच तर सगळं उतरवायची घाई नको. कोरड्या दिवशी ग्लॉसचा (चमकदार वार्निशचा) एक पातळ हात द्या, बहुतेक वेळा खालचा रंग परत दिसू लागतो. तो पूर्ण वाळला की वरून पुन्हा मॅट.