मिनिएचर बघताना लेबल शेवटी वाचा

म्युझियममध्ये मिनिएचरच्या, म्हणजे छोट्या जुन्या लघुचित्रांच्या, गॅलरीत लोक काय करतात, लेबल वाचतात, लांबून एक नजर टाकतात आणि पुढे. मीपण हेच करायचे. मग एकदा ठरवलं की लेबल शेवटी वाचायचं, आधी आपण ओळखायचं, आणि तेव्हापासून जाम मजा यायला लागली.

सुरुवात डोळ्यापासून करा. चेहरा एका बाजूने काढलाय पण पलीकडचा डोळा गालाबाहेर आलाय? बहुतेक गुजरात-राजस्थानकडची जुनी जैन पोथी, कल्पसूत्र वगैरे. डोळा लांबलचक, कानाकडे वर वळलेला, नाक टोकदार, म्हणजे राजस्थानातलं किशनगढ, चित्रकार निहालचंदच्या बणीठणी या प्रसिद्ध स्त्रीचित्रावालं. कमळाच्या पाकळीएवढे टपोरे डोळे आणि मागे भडक पिवळा नाहीतर लाल रंग दिसला की बसोहली, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याकडची पहाडी शैली. इथे दागिने अगदी जवळून बघा, हिरवं चमकतंय ना, ते बऱ्याचदा किड्याच्या पंखांचे तुकडे असतात, पाचू म्हणून चिकटवलेले! (काचेला नाक लावू नका, वॉचमन ओरडतो.) कांगडापण पहाडीच, पण एकदम मवाळ, हिरवंगार, नाजूक. मुघल चित्रात मात्र दरबारातला प्रत्येक माणूस वेगळा ओळखू येतो.

मग बघा चाललंय काय. बाई वीणा घेऊन उभी, भोवती हरणं, हिला मी कितीतरी दिवस शकुंतला समजत होते, ती निघाली तोडी रागिणी! रागमालेत, म्हणजे रागांवरच्या चित्रमालेत, असंच, रागाचंच माणूस करतात. अंगाखांद्यावर साप असलेली ती आसावरी. काळोखी रात्र, विजा, पायाशी साप, बाई एकटीच प्रियकराला भेटायला निघालीये, पैंजण गळून पडलं तरी पत्ता नाही, ही अभिसारिका. आणि रात्र दुसरीकडे काढून सकाळी प्रियकर दारात मान खाली घालून उभा, ती झापतेय, तर खंडिता. ही ओळखायला लेबल कशाला!

आपल्याकडचं बघायचं तर अहमदनगरच्या निजामशाहीतली तारीफ-इ-हुसेनशाही ही चित्रांची पोथी, 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतरची, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यात एक बाई झाडाला हात लावते आणि झाड फुलतं, तो आपला दोहद, बाईच्या स्पर्शाने झाड फुलतं ही जुनी कविकल्पना. बाकी काही पानांवर सुलतानाशेजारी नुसता डाग दिसेल, तिथे राणी होती, नंतर कोणीतरी तिला पुसून टाकलंय.