बर्फावरची टू-स्ट्रोक : होटनमधले माझे पहिले दोन हिवाळे

मिशिगनच्या उत्तर टोकाला, होटनला एम.एस.साठी आलो तेव्हा बर्फाशी माझी ओळख फ्रीजरपुरतीच होती. यंत्रांशी मात्र जुनी होती. सांगलीत मामाचं दुचाकीचं गॅरेज आहे आणि शाळेच्या सुट्ट्या ॲक्टिव्हाचे बेल्ट बदलण्यात आणि आरएक्स हंड्रेडचे प्लग घासण्यात गेलेल्या. त्यामुळे स्नोमोबाईल म्हणजे चाकांऐवजी पुढे स्की आणि मागे बर्फावर फिरणारा रुंद पट्टा लावलेली मोटरसायकल, असं मी धरून चाललो होतो. गॅरेजमध्ये हे गणित बरंच बरोबर निघालं, पण सीटवर बसल्यावर साफ चुकलं.

आधी बर्फाबद्दल. अरबी समुद्राची वाफ घाटाला अडून महाबळेश्वरला कोसळते, तसाच खेळ इथे लेक सुपीरियर करतो. कॅनडाकडून येणारा कोरडा, गारठलेला वारा सरोवरावरून ओल उचलतो आणि कीविनॉ द्वीपकल्पाच्या उंचवट्यावर येऊन ती टाकतो. साधारण हिवाळ्यात 200 इंचांच्या वर बर्फ पडतो. 1978-79 च्या हंगामात 390.4 इंच पडला होता, आणि तो आकडा दाखवणारा उंच फलक हमरस्त्याच्या कडेला उभा आहे. असल्या गावात स्लेड (इथे स्नोमोबाईल कुणी म्हणत नाही) दारोदार दिसणारच. होटन आणि हॅनकॉकला जोडणाऱ्या उचलपुलाच्या खालच्या मजल्यावरून पूर्वी रेल्वे जायची, आता हिवाळ्यात तिथून स्लेड जातात. तांब्याच्या खाणींसाठी टाकलेल्या रुळांचे जुने मार्गही आता ट्रेल, म्हणजे स्लेडच्या वाटा, झाले आहेत.

माझी पहिली स्लेड पंधरा वर्षं जुनी होती, 2 हजार डॉलरच्या आसपास मिळालेली. पहिल्याच दिवशी वळणावर वेग जास्त वाटला, म्हणून सवयीने डाव्या हाताने क्लच दाबला. स्लेडला क्लचचा दांडा नसतोच, डावीकडे असतो तो ब्रेक. पट्टा जाम झाला, मागचा भाग पुढे आला आणि मी बाजूच्या बर्फात कमरेपर्यंत रुतलो. दुसरी गोची थ्रॉटलची. तो पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. घाबरलं की माणूस हँडल घट्ट आवळतो, आणि आवळलं की अंगठाही दाबला जातो! म्हणून दुचाकीवाल्यांना माझं सांगणं, पहिला आठवडा मोकळ्या मैदानात फक्त अंगठा सोडण्याचा सराव करा. अंगठा सोडला की स्लेड आपोआप बरीच मंदावते. वळताना नुसतं हँडल फिरवूनही भागत नाही, ढुंगण सीटवरून सरकवून आतल्या बाजूला वजन टाकावं लागतं. आणि किल-स्विचची दोरी जॅकेटला अडकवल्याशिवाय इंजिन चालू करू नका. तुम्ही पडलात की इंजिन बंद व्हायला हवं.

आता बेल्ट. स्लेडचा गिअर म्हणजे ॲक्टिव्हाचाच मोठा भाऊ. पुढची पुली वेगाबरोबर मिटते, मागची उघडते आणि मधला रबरी बेल्ट सरकत राहतो. हे मला पाठ होतं, तरी स्पेअर बेल्ट न घेता कॅल्युमेट गावाच्या पुढे गेलो. खोल बर्फात अडकलो होतो, तिथून निघायला रेस देत राहिलो. आधी जळक्या रबराचा वास आला, मग फाडकन आवाज, आणि इंजिन नुसतंच ओरडत राहिलं. तापमान उणे 18. मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याने थांबून मला ओढत आणलं, आणि आजींनी वाटेत एका शब्दाने टोचलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी माझा शेजारी, सत्तरीतला निवृत्त वेल्डर, टॉर्च घेऊन आला. त्याने नव्या बेल्टला हात लावू दिला नाही.

"आधी जुना गोळा कर. सगळा."

पुलीच्या सापटीत, गार्डच्या आत, क्रँकच्या मागे अडकलेले धागे चिमट्याने काढायला पाऊण तास लागला. एखादा धागा राहिला तर तो नव्या बेल्टलाही खातो, सीलही फाडतो. मग मागची पुली फाकवून नवा बेल्ट बसवला, त्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेला ठेवून. पहिले 50 किलोमीटर हळू चालवायची ताकीद मिळाली. तेव्हापासून दर थांब्यावर झाकण उघडून मी पुलीजवळ हात नेतो. हात ठेववत नाही इतकी ती तापली असेल, तर काहीतरी बिनसलं आहे.

दुसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही. स्लेडला थंड ठेवतो तो बर्फच. पट्टा आतून प्लास्टिकच्या स्लायडरवर घसरतो आणि त्याला वंगण मिळतं ते उडणाऱ्या भुकटीचं. तीच भुकटी वरच्या कूलरवर आदळून इंजिनाचं पाणी गार करते. मार्चअखेर ट्रेल काचेसारखा घट्ट होतो, भुकटी उडत नाही, आणि उणे तापमानात इंजिन तापल्याचा दिवा लागतो. उपाय म्हणजे ट्रेलच्या कडेच्या मऊ बर्फातून थोडं जायचं, किंवा मागे बर्फ खरवडणारे स्क्रॅचर लावायचे. मी स्क्रॅचरचे तीस डॉलर वाचवायला गेलो आणि दोन्ही स्लायडर वितळवून बसलो.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोंदणी वेगळी आणि ट्रेल परमिट वेगळं, दोन्ही लागतात. परमिट 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर चालतं, त्यामुळे फेब्रुवारीत घेऊन वर्षभर पुरेल म्हणू नका. कपड्यांचंही एकच, आत सुती बनियन नको. घामाने भिजलं की वाळत नाही आणि थांबल्यावर हुडहुडी भरते. आईने पाठवलेले लोकरीचे मोजे मात्र इथल्या कुठल्याही महागड्या मोज्याच्या तोडीचे निघाले.

तळ्यावरच्या बर्फाबाबत मी भित्रा आहे आणि राहणार. स्वच्छ, नवा बर्फ किमान पाच ते सात इंच असेल तर स्लेड नेता येते असं सांगतात, पण ओढा मिळतो तिथे दहा पावलांवर जाडी बदलते. स्थानिक माणूस आधी जाऊन आला नसेल तर मी काठाने जातो.

शनिवारी सकाळी पेट्रोल पंपावर स्लेडची रांग लागते, टू-स्ट्रोकचा निळसर धूर, आणि त्या वासाने मला थेट मामाचं गॅरेज आठवतं. लोक अनोळखी माणसाशीही आधी ट्रेलचं बोलतात, नाव नंतर विचारतात. रात्री ट्रेल सपाट करणारा ट्रॅक्टर फिरतो, म्हणून सकाळी लवकर निघालेल्याला गालिचा मिळतो, दुपारी निघालेल्याला खड्डे. जेवणाला पास्टी, म्हणजे कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी आणलेली बटाटा-मांसाची भली मोठी करंजी. संध्याकाळी बारपुढे स्लेड उभ्या दिसतात तेव्हा माझं डोकं फिरतं. दारू पिऊन स्लेड चालवणं इथे गुन्हा आहे, आणि झाड काही बाजूला होत नाही. अशा ग्रुपबरोबर मी परतत नाही, एकट्याने उशीर झाला तरी चालेल.

एप्रिलमध्ये स्लेड ठेवून देताना पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर, सिलिंडर गंजू नये म्हणून फॉगिंग ऑइल, सगळ्या ग्रीस-निपलना ग्रीस, बेल्ट काढून घरात, आणि सायलेन्सरच्या तोंडात चिंधी. गेल्या वर्षी चिंधी सायलेन्सरला लावली, इंजिनाला हवा पुरवणाऱ्या एअरबॉक्सला विसरलो. नोव्हेंबरमध्ये झाकण उघडलं तर आत सीटचा फोम कुरतडून केलेलं उंदराचं गुबगुबीत घरटं. मामाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं : "आमच्याकडे स्कूटरमध्ये पण करतात. वायरिंग बघ आधी."