किक समेवर नको, खालीवर हवी

बाबांनी तीसेक वर्षं गावच्या भजनी मंडळात तबला वाजवला. माझा हात त्यावर कधी बसला नाही, पण त्रितालाच्या सोळा मात्रा मांडीवर मोजायची सवय लागली ती कायमची. एकावर सम, म्हणजे तालाची सुरुवात, पाचावर आणि तेरावर टाळी, नवावर खाली. खालीला टाळी नसते, हात नुसता हवेत उघडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, इथं काही घडलंच नाही. तायक्वांदोच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, मला गुण मिळतात ते बहुतेक त्याच जागी. हे कळायला मात्र एक हरलेली स्पर्धा आणि रात्रपाळीच्या बसमध्ये ऐकलेलं पुष्कळ रॅप लागलं.

मी डिचोलीजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी पंचायतीच्या हॉलमध्ये मुलांना तायक्वांदो शिकवते. घरात कोकणी, लिहिताना मराठी, किक मोजताना कोरियन, कानात इंग्रजी. गोव्यात याचं कोणाला काही वाटत नाही. पुढचं सगळं अशांसाठी लिहितेय, ज्यांना पॅडवर किक मारता येते पण समोर माणूस उभा राहिला की ती लागत नाही.

आधी किक नीट करून घेऊ. एकच पुरे, राउंड किक, म्हणजे दोल्यो चागी. आमच्या हॉलमध्ये तिचे चार शब्द आहेत: उचल, वळव, सोड, ओढ. मुलं ते ओरडून म्हणतात.

‘उचल’ म्हणजे गुडघा सरळ समोर वर, जणू फ्रंट किकच मारायची आहे. तो बाजूनं घोळवत आणलात तर समोरच्याला पत्र पाठवून कळवल्यासारखंच. ‘वळव’ हा शब्द जमिनीवरच्या पायासाठी आहे. चवड्यावर फिरत टाच लक्ष्याच्या दिशेला येईपर्यंत वळवायची, कंबर तिच्याबरोबर येते. कोणी ‘टीचर, माझ्या किकला जोरच नाही’ म्हणत आला की मी वरचा पाय बघतच नाही, खालचा बघते. पाऊल फरशीला चिकटलेलं, कंबर फिरायला निघालेली आणि मधल्यामध्ये गुडघा पिळला जातोय, असं चित्र असतं. जोर जातो तो जातोच, वर गुडघाही जातो. ‘सोड’मध्ये पाय गुडघ्यातून सुटतो आणि पावलाच्या वरच्या भागानं लागतो, बोटं ताणलेली. आणि ‘ओढ’, म्हणजे गेला त्यापेक्षा वेगानं पाय परत. ही राहिली की पाय पलीकडे कुठंतरी पडतो, आणि पुढचा अर्धा सेकंद तुमची पाठ त्याच्यासमोर असते.

खिडकीचा गज धरून दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, प्रत्येक शब्दावर एक सेकंद थांबत. कंटाळवाणं आहे. तरी करा. फक्त पावसाळ्यात टाइल्सवर नको. जून ते सप्टेंबर आमच्याकडे टाइल्सना घाम फुटतो, आणि एका पायावर वळताना घसरलात की सरळ हॉस्पिटल. खरखरीत कोब्यावर उलटं होतं, चवडा फिरतच नाही आणि कातडं सोलून निघतं. फोमची मॅट घ्या, नाहीतर स्वच्छ पुसलेला गुळगुळीत कोबा शोधा.

आता संगीत. किनाऱ्याकडे, हणजूण-वागातोरला, जे ट्रान्स नावाचं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजतं ते मिनिटाला १४०-१५० ठोक्यांचं असतं आणि प्रत्येक ठोका तितकाच जड. त्यावर नाचता येतं, दोरीवरच्या उड्याही छान होतात. पण किक मारायला लागलात की सगळं ठोक्यावर पडायला लागतं, आणि ठोका समोरच्यालाही ऐकू येतोच. आमच्या कारखान्यातलं गोळ्या पाकिटात भरणारं मशीन असंच चालतं, ठक-ठक-ठक. त्याच्याशी स्पारिंग करायला मला आवडेल, सहज जिंकेन.

लिरिकल हिप हॉपचा, म्हणजे शब्दांवर भर देणाऱ्या रॅपचा, ठेका त्याहून साधा असतो. चार ठोक्यांचा एक बार, दुसऱ्या आणि चौथ्यावर स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ‘टक्’. गंमत शब्दांत असते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ साली हे सगळं सुरू झालं, आणि पहिली बरीच वर्षं यमक ओळीच्या टोकाला, ठोक्यावरच पडायचं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात राकिम या रॅपरनं ते ओळीच्या पोटात नेलं. त्याच्या ओळी ठोका ओलांडून पुढच्या बारमध्ये सांडतात, मध्येच थांबतात, आणि आता तुटणार असं वाटतं तिथं नेमक्या जुळतात. तो सॅक्सोफोन वाजवायचा, हे कळल्यावर मला नवल वाटलं नाही. फुंकणाऱ्याला श्वास कुठं घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. बाबांनी ऐकून एवढंच विचारलं की तालावर असूनही हा माणूस तालात का सापडत नाही. त्यांच्याकडून ही मोठी दाद.

सरावासाठी मिनिटाला ९० ठोक्यांच्या आसपासची गाणी निवडा. या गतीला सोळा बारचा एक व्हर्स, म्हणजे रॅपचं एक कडवं, साधारण ४३ सेकंदांचा होतो. स्पर्धेतला राउंड दोन मिनिटांचा, म्हणजे तीन व्हर्सेसपेक्षा जरासा लहान. ‘दोन मिनिटं दम कसा पुरवू’ असं घाबरून विचारणाऱ्याला मी सांगते, तीन व्हर्स म्हणायचेत. तेवढ्यानं निम्मी भीती जाते.

पहिला आठवडा स्नेअरवर किक मारा, फक्त स्नेअरवर. सोपं वाटेल, पण पाय स्नेअरवर *लागायला* हवा, उचलायला नव्हे, म्हणजे ‘उचल’ आधीच व्हायला हवं. दुसऱ्या आठवड्यात स्नेअर जाऊ द्या आणि अर्ध्या ठोक्यानं मागून मारा. ९०च्या गतीला अर्धा ठोका म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. ऐकायला काहीच नाही, पण समोरच्याचा हात अडवायला वर येऊन परत खाली जायला तेवढा वेळ पुरतो. हा आठवडा चिडचिडीचा असतो. पाय हट्टानं ठोक्यावरच जातो. दोन आठवडे लागले तरी लागू द्या. तिसऱ्यात एक पूर्ण बार पायच उचलायचा नाही, नुसतं फुटवर्क, आणि पुढच्या बारमध्ये एका ठोक्याच्या आत दोन किक. तो गप्प बार सगळ्यात अवघड. मुलांना गप्प बसवत नाही, मोठ्यांना तर मुळीच नाही.

जोडीदार असेल तर माझा आवडता खेळ करून बघा. एक गाणं घ्यायचं, त्यात वारंवार येणारा एक शब्द ठरवायचा. तो शब्द आला की जोडीदारानं पॅड वर करायचा आणि तुम्ही मारायचं. शब्द कधी ठोक्यावर येतो, कधी अलीकडे, कधी दोन बार येतच नाही. त्यामुळं कान लावून शब्द ऐकावे लागतात आणि शरीर तयार ठेवून वाट बघावी लागते. एका मुलाची आई मला विचारायला आली, इंग्रजीत एकदम बरा कसा झाला, शिकवणी लावली का? गाणी मात्र आधी स्वतः पूर्ण ऐका. एकदा मी ऐकली नव्हती, आणि हॉलच्या दारात नेमके पंचायतीचे पंच उभे होते.

माझ्या हरण्याचं सांगते. विसाव्या वर्षी गोव्याबाहेर एका स्पर्धेत होते. समोरची मुलगी माझ्यापेक्षा बुटकी, किकही काही भारी नव्हती. तरी प्रत्येक वेळी मी उडी मारून जमिनीवर टेकायचे आणि तिचा पाय छातीवर. टेकताना वजन दोन्ही पायांवर बसतं, पुन्हा रेटा दिल्याशिवाय हलता येत नाही, आणि ती नेमकी तेव्हा मारत होती. घरी आले तेव्हा पाऊल सुजलेलं. आई म्हणाली, “कितें गो जालें पांयाक?” आणि हळद उगाळायला गेली. बाबा फोनवर व्हिडिओ बघत होते. बघता बघता बोटांनी टेबलावर ठेका धरला, आणि माझ्या उड्यांशी तो शेवटपर्यंत तंतोतंत जुळला. एकदाही बदलावा लागला नाही. म्हणाले, “तुजी सम सगळ्यांक आयकूं येता गो.”

तेव्हापासून स्पारिंगमध्ये पहिलं काम हे: स्वतःची सम लपवणं. उड्या लहान करा, टाचेखालून कागद जाईल इतक्याच. मधूनमधून उडी सोडून नुसतं सरका. मग पहिली पंधरा-वीस सेकंदं समोरच्याची सम ऐका. नजर त्याच्या छातीवर ठेवा, पायांवर नको. पाय खोटं बोलतात. तो दर उडीला सारखाच टेकत असेल तर तुमचं काम झालं. नसेल तर त्याला सवय लावावी लागते. गुडघा उचलून दोनदा सारखीच हूल द्या, त्याच अंतरावर, त्याच गतीत. तिसऱ्यांदा गुडघा तसाच उचला आणि अर्धा ठोका थांबून सोडा. कवितेत दोन ओळींचं यमक कानाला सवय लावतं, तसंच हे. दोनदा पुरेसं आहे. चारदा केलंत तर तो तुम्हालाच वाचायला लागेल.

अंतराचा हिशेब सोपा: पाय पूर्ण लांबवल्यावर बोटं त्याच्या चेस्ट गार्डला टेकतील, ते मारायचं अंतर. तिथून एक पाऊल मागे, तिथं उभं राहायचं. नवीन असाल तर पहिले दोन महिने हलक्या हातानं, म्हणजे हलक्या पायानं. चेस्ट गार्ड, हेड गार्ड, शिन गार्ड, हातांचे गार्ड, ग्रोइन गार्ड, माउथगार्ड, यातलं एक जरी घरी राहिलं असेल तर त्या दिवशी फक्त पॅड.

गुणांबद्दल थोडक्यात. छातीवरच्या ठोशाला १, अंगावरच्या किकला २, डोक्यावरच्या किकला ३, आणि फिरून मारलेल्या किकला आणखी जास्त. कंबरेखाली मारलं, पडलात, रेषेबाहेर गेलात की गामजम, म्हणजे समोरच्याला एक गुण फुकट. इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड ठरावीक जोराशिवाय गुण देत नाही, त्यामुळं अर्धा ठोका उशीर करा, पण ‘वळव’ अर्धवट सोडू नका. वेळ साधली आणि जोर नाही, असं झालं की फळ्यावर काहीच चढत नाही, आणि मुलं पंचांकडे बघत बसतात. २०२२ पासून जागतिक पातळीवर तीनपैकी दोन राउंड जिंकायची पद्धत आहे, प्रत्येक राउंड शून्यापासून. पहिला राउंड वाईट हरलात तरी त्याचे गुण पुढं येत नाहीत. मला हे फार आवडतं, व्हर्स बिघडला तर पान उलटायचं.

शनिवारी सरावानंतर मुलं चार ओळी लिहितात. लाथ मारायला आलेल्याला कविता लिहायला लावल्यावर पहिल्यांदा तोंडं वाकडी होतात. मराठीत यमकाची एक खोड आहे: क्रियापद ओळीच्या शेवटी येतं, त्यामुळं आला-गेला, मारली-हरली असं फुकटात जुळतं. तेच बंद केलंय. शेवटी क्रियापद नको, आणि ओळीच्या पोटात निदान एक जुळणी हवी. क्रियापदाचं यमक म्हणजे लांबून दिसणारी फ्रंट किक. तेरा वर्षांच्या एका मुलानं गेल्या पावसाळ्यात लिहिलेल्या या दोन ओळी, त्याला विचारून देतेय:

हॉलला ओल, ओलीत तोल, तोलावर फिरते टाच,
तू बघ पाय, मी बघतो काय? तुझ्या डोळ्यांतला नाच.

त्यात ओलीचं आलंच आहे तर सामानाचंही सांगते. पावसाळ्यात चेस्ट गार्डवर बुरशी धरते. पंख्याखाली वाळवून पुरत नाही. मी आमच्या फ्रिजच्या मागं, गरम हवा येते तिथं दोरी बांधलीय. आईला हे अजून मान्य नाही. डोबोक, म्हणजे तायक्वांदोचा पोशाख, मात्र इस्त्री फिरवूनच वाळवायचा, नाहीतर तिसऱ्या दिवशी वास शेजारच्या मॅटपर्यंत जातो.

स्पर्धेच्या आधीचा आठवडा संगीत बंद. तिथं गाणं नसतं. पंख्यांची घरघर, लाउडस्पीकर, शेजारच्या मॅटवरचं ‘शीजाक’ (सुरू करा) आणि ‘काल्यो’ (वेगळे व्हा), पालकांची ओरड असते. व्हर्स डोक्यात म्हणायचा. ओठ हलले तरी माउथगार्डमुळं कोणाला कळत नाही. आणि राउंडच्या मधल्या एका मिनिटात शिकवणाऱ्यानं एकच वाक्य बोलावं, दोन नाहीत. गेल्या वर्षी त्याच तेरा वर्षांच्या मुलापाशी पाणी घेऊन गेले आणि माझं ते एक वाक्य सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला. “टीचर, थांबा जरा. माझी तिसरी ओळ राहिलीय.”