आधी पाणी बघा, मग पक्षी

“पक्षी बघायला भिगवणला कधी येऊ?” दिवाळी झाली की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. मी इंदापूर तालुक्यात शाळेत शिकवते, रविवारी पोरांना घेऊन उजनी धरणाच्या काठाकाठाने फिरते, भिगवण याच काठावर आहे, त्यामुळे विचारणारे बरेच. माझं उत्तर ठरलेलं आहे. कॅलेंडर ठेवा बाजूला, धरण किती टक्के आहे ते बघा. आकडा पेपरात येतो आणि आमच्याकडे तर चहाच्या टपरीवरही तो तोंडपाठ असतो.

भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळचं पाणी. टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या पाण्याचे. म्हणून आकडा ‘उणे’त गेला तरी पाणी असतंच, आणि पक्षी बघायला आलेल्याने त्या उणेला घाबरायचं कारण नाही. गावतळ्याचा काठ फारसा हलत नाही, धरणाचा मात्र वर्षभर हलत असतो. रब्बीची, मग उन्हाळी आवर्तनं, म्हणजे शेतीसाठीच्या पाण्याच्या पाळ्या, सुटली की पाणी मागे हटतं आणि ओला गाळ उघडा पडतो. काठचे शेतकरी तिथे गाळपेर, म्हणजे त्या गाळातच पेरणी, करतात. पक्षीही त्या गाळासाठीच येतात.

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्याकडे पक्षी सप्ताह. पाऊस बरा झालेला असेल तर नेमकी तेव्हाच उजनी काठोकाठ भरलेली असते. फ्लेमिंगोला टेकायला उथळ पाणी लागतं, ते कुठे उरलेलंच नसतं. मंडळी पुण्याहून शंभर किलोमीटर येतात, हिरमुसतात, चिलापी माशाचं कालवण खाऊन परत जातात. जेवण उत्तमच असतं, पण या दिवसांत यायचं तर मान खाली घालून फिरायची तयारी ठेवा. हे दिवस चतुरांचे आणि टाचण्यांचे, म्हणजे ड्रॅगनफ्लाय आणि डॅमसेलफ्लाय या किड्यांचे.

जिथे बेशरम नाहीतर पाणकणीस वाढलंय असा काठ शोधा. पहाटे जाऊन उपयोग नाही, थंडीत किडे गारठलेले असतात. नऊच्या पुढे ऊन अंगाला लागायला लागलं की सुरुवात करा. बसताना पंख आडवे पसरून बसतो तो चतुर, पाठीवर मिटून बसते ती टाचणी. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात, तेव्हा डोळे बघा. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून लांब असतात. आपली सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही, एवढं सांभाळलं तर हातभर अंतरापर्यंत जाता येतं. चतुर उडाला तरी पाठलाग करू नका. जागचे हलू नका, बहुतेक वेळा तो फिरून त्याच काडीवर येतो.

पाणकणसाच्या देठावर, पाण्यापासून वीतभर उंचीवर, वाळकी तपकिरी कात चिकटलेली सापडेल. जवळून बघा. पाठीला उभी चीर असते आणि त्यातून पांढरे बारीक दोरे बाहेर लोंबत असतात. ते दोरे म्हणजे आतल्या श्वासनळ्यांचं अस्तर. पाण्यात डासांच्या अळ्या खाऊन वाढलेलं पिल्लू रात्री वर चढतं आणि कात तिथेच टाकून चतुर होऊन उडून जातं. माझ्या वर्गातली पोरं फ्लेमिंगोपेक्षा या कातीसाठी जास्त भांडतात.

याच सुमाराला माळावर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर दिसले तर त्यांनाही वेळ द्या. वाँडरिंग ग्लायडर म्हणतात त्यांना. हे भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडलं.

आता पक्षी. फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. पाणी हटलेलं असतं आणि पट्टकदंब अजून परतीला लागलेले नसतात. हिमालय ओलांडून आलेले हे हंस डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून लगेच ओळखू येतात, काठच्या हिरवळीवर चरत असतात. उजाडताना कुंभारगावला किंवा डिकसळच्या पुलाकडे पोहोचा. सूर्य पाठीशी येईल अशी बाजू धरा. समोर ऊन असलं की सगळी बदकं काळीच दिसतात आणि पुस्तक चाळत बसावं लागतं.

नवखा माणूस दुर्बीण लावतो ती थेट लांबच्या गुलाबी रेघेवर. तसं करू नका. पायापासून सुरुवात करून नजर आत न्या. कोरड्या काठावर टिटवी आणि धोबी. ओल्या चिखलात धावणारे इवलेसे टिलवे आणि शेपूट सतत हलवणारे तुतवार. त्यापुढे, पाय बुडतील एवढ्या पाण्यात, लाल लांब पायांचे शेकाटे. मग चित्रबलाक, चमचे, राखी बगळे. त्याही पुढे फ्लेमिंगो, आणि खोल पाण्यात बदकं, वारकरी, टिबुकल्या. कोण किती पाण्यात उभा आहे एवढं टिपलं तरी नावांचं निम्मं काम होतं. पुलावर असाल तर कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि धोंडा टाकावा तसा खाली पडतो, तो चुकवू नका.

हे सगळे त्या गाळात खातात काय, हे बघायचं तर काठाचा मूठभर चिखल तळहातावर घ्या आणि वर थोडं पाणी सोडा. नशीब असेल तर लालभडक, दोऱ्याएवढी अळी वळवळताना दिसेल. चिलटांच्या जातीतल्या, पण न चावणाऱ्या एका माशीची ही अळी. गाळात प्राणवायू कमी, म्हणून तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, तोच तो लाल रंग. फ्लेमिंगो चोच उलटी करून गाळ गाळतात, त्यात या अळ्याही जातात. संध्याकाळी डोक्यावर घोंगावणारे ढग त्याच माश्यांचे. तोंड मिटून चाला म्हणजे झालं.

सामानाचं फार कौतुक नको. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरे, फक्त घेताना दोन मीटरवरचं स्पष्ट दिसतं का ते दुकानातच तपासा, नाहीतर चतुरांसाठी ती कुचकामी. जाड तळाचे बूट हवेतच, वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. उघड्या पडलेल्या गाळावर भेगा दिसल्या म्हणून तो वाळलाय असं समजू नका, खाली गुडघाभर रुतणारा चिखल असतो. जिथे जनावरांचे पाय उमटलेत तिथूनच चाला. आणि घरून आवरून निघा, काठावर सोय नाही.

होडीत बसलात तर नाववाल्या दादांना आधीच सांगा, “थवा दिसला की इंजिन बंद करा, आम्हाला उडवून दाखवू नका.” उडवायला ते आपणहून जात नाहीत, गिऱ्हाईकच फोटोसाठी मागे लागतं. फ्लेमिंगोला उडायला पाण्यावर बरंच धावावं लागतं. सकाळभर दर होडीने ते करायला लावलं तर त्याने खायचं कधी?

एप्रिल-मेमध्ये पाणी फार खाली गेलं की धरणात बुडालेलं पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर येतं आणि देऊळ बघायला झुंबड उडते. तेव्हा वाळूखड्यांच्या उघड्या पट्ट्यांवरून चालणं टाळा. टिटवीची अंडी तिथेच, उघड्यावर, खड्यांच्याच रंगाची असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. भर दुपारी टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून. तुम्ही जवळ रेंगाळलात तर तेवढा वेळ अंडी तापत राहतात. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की घरटं शोधत बसू नका, आलात त्याच पावलांवर मागे फिरा.