टी-३४ च्या पट्ट्याला झोळ कसा आणला

टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याचं १/३५ मापाचं प्लॅस्टिकचं मॉडेल रंगवून झालं, पण चाकांभोवती फिरणारे पट्टे खटकत होते. खऱ्या टी-३४ ला वरचा पट्टा उचलून धरणारे रोलर नसतात; तो बाजूच्या पाच मोठ्या चाकांवरच टेकतो आणि चाकांच्या मधे सैल झोळ पडतो. किटमधला रबरी पट्टा मात्र अधांतरी, ताठ! चिखल लावून झाका असं काही जण सांगतात. मला पटत नाही. हा झोळ म्हणजे टी-३४ ची ओळख.

प्लॅस्टिकचा सिमेंट, म्हणजे मॉडेलचे भाग जोडायचा गोंद, या रबराला धरत नाही. म्हणून चाकांच्या माथ्यावरचा रंग ब्लेडने खरवडला, सुईच्या टोकाने सुपरग्लूचा थेंब ठेवला आणि पट्टा व मडगार्डच्या फटीत स्पंजचे तुकडे दाबून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी दोन चाकांमध्ये झोळ सुरेख उतरला होता. मग खरवडलेल्या जागी अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात फिरवला.