मट्टांचेरीच्या ज्यू टाऊनला जाताय? या चुका टाळा

केरळच्या सहलीत कोचीला एक दिवस मिळतो आणि त्यातला जेमतेम पाऊण तास मट्टांचेरीतल्या ज्यू टाऊनच्या, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या गल्लीच्या, वाट्याला येतो. गाडीतून उतरलेली मंडळी पहिल्याच दुकानात शिरतात, अत्तराची बाटली आणि लाकडी हत्ती घेऊन परततात. मला याचं फार वाईट वाटतं. इथे मिरीचा वास अजून भिंतींना आहे, तो घ्यायला निदान अर्धा दिवस हवा.

सगळ्यात महाग पडते ती वाराची चूक. आम्ही पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता आणि परदेसी सिनेगॉगचं, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाचं, दार बंद होतं. सोबतची आत्या अलिबागची, इस्रायल आळीजवळ वाढलेली. ती म्हणाली, "अरे, आज शनिवार ना? मग उघडं कसं असेल?" कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे यहुदी, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण विमानाची तिकिटं काढताना कुणालाच आठवलं नाही. एकोणिसाव्या शतकात याच कोचीतून यहुदी शिक्षक बेने इस्रायलींना धर्म शिकवायला आपल्याकडे आले होते, हेही तिथेच आत्याकडून कळलं.

शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो, त्यामुळे शुक्रवारची दुपारही धरू नका. शेजारचा मट्टांचेरी राजवाडा शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉगला दुपारी मधली सुट्टी असते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात यहुदी सण ओळीने येतात, तेव्हाही दार उघडत नाही. सोमवार ते गुरुवार, सकाळी लवकर, हे सगळ्यात बरं.

आत गेल्यावर लोक वर बघतात, बेल्जियन काचेच्या झुंबरांकडे. खाली बघा. जमिनीवर अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. चपला बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे त्यांचा गारवा तळव्यांना लागतो. सिनेगॉग १५६८ चं, घड्याळाचा मनोरा १७६० च्या सुमाराचा. मनोऱ्यावरचे आकडे एकाच लिपीत नाहीत, हे बाहेर पडताना नीट थांबून पाहा.

राजवाड्याला सगळे 'डच पॅलेस' म्हणतात, म्हणून तो डचांनी बांधला असं समजू नका. सोळाव्या शतकाच्या मध्यात पोर्तुगीजांनी तो कोचीच्या राजासाठी बांधला, डचांनी नंतर दुरुस्त केला. आतली रामायणाची भित्तिचित्रं घाईत बघण्यासारखी नाहीत.

आता खरेदी. रिक्षावाला 'फुकट फिरवतो' म्हणाला, तर तो कमिशनच्या दुकानांतून फिरवणार हे धरून चाला. मसाले घ्यायचे तर सजवलेली पाकिटं नकोत, सुटा माल मागा. काळी मिरी वजनाला भारी हवी. चिमूटभर मिरी पाण्यात टाकून पाहा: भरीव दाणा बुडतो, भेसळीची पपईची बी तरंगते. वेलदोड्याच्या हिरव्या सालीवर भुलू नका. एक फोडा, आतले दाणे काळपट आणि बोटाला चिकटणारे असावेत. दालचिनीच्या नावाखाली बऱ्याचदा जाड सालीची कॅशिया देतात. खऱ्या दालचिनीची साल कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेली असते. जायपत्री इथून जरूर न्या, ती केरळातलीच. केशर मात्र नको, ते काश्मीरचं पीक. 'दोनशे वर्षं जुना' म्हणून दाखवलेला पितळी दिवा बहुतेक वेळा नवाच असतो. आणि खरोखर जुना निघाला तरी परदेशी राहणाऱ्या भावासाठी घेऊ नका, कारण १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे: ज्यू टाऊन पाहिलं म्हणजे जुना बाजार पाहिला असं मानून परत फिरतात. गल्ली जपली आहे, पण तिथला व्यापार आता पर्यटकांचा आहे. घाऊक बाजार बघायचा तर पाण्याच्या कडेने फोर्ट कोचीकडे जाणारा बझार रोड धरा. जुन्या वखारी, तांदळाची पोती, सुंठीचा झणका, हातगाड्या, पाठीवर ओझी घेतलेले हमाल. एखाद्या उघड्या दारातून थेट मागच्या धक्क्यावरचं पाणी दिसतं, आणि माल होडीतून वखारीत कसा यायचा हे कुणी न सांगता कळतं. हमालांच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका. आधी विचारा, मग बहुतेक जण हसून हो म्हणतात. जवळच चेरलाईत कोकणी बोलणाऱ्यांची वस्ती आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातून निघालेल्या सारस्वतांनी इथे तिरुमल देवस्थान उभारलं. मल्याळम येत नसलं तरी तिथे चार शब्द ओळखीचे कानावर पडतात.

एर्नाकुलमहून टॅक्सीने पूल ओलांडून येण्यापेक्षा बोटीने या. तिकीट स्वस्त, आणि हे बंदर का वाढलं ते पाण्यावरूनच दिसतं. १३४१ च्या पेरियार नदीच्या पुरानंतर मुझिरिस हे जुनं बंदर मागे पडलं आणि व्यापार इकडे वळला, असं सांगतात.

परतायच्या आधी ज्यू टाऊनच्या दुसऱ्या टोकाला कडवुंभागम सिनेगॉगपर्यंत चालत जा. सहलीच्या यादीत ते नसतं. १९५० च्या दशकात बहुतेक कोची यहुदी इस्रायलला गेले आणि प्रार्थनेच्या जागेचं गोदाम झालं. २०१९ च्या पावसात त्याची दर्शनी बाजू कोसळली.